मित्रवर्यांचे इंग्रजी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी विद्वान वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीत केवळ बी. ए. झालेल्या आणि गेली तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत बुडालेल्या आमच्यासारख्या माणसाला का बसविले, हे चिटणीसांनाच ठाऊक. विषय निवडण्याची मुभा मात्र त्यांनी उदारपणे दिली. आम्ही निवडलेला विषय आहे सरकारी कचेरीतील इंग्रजी, आणि ते कानावर पडले की होणारी चिडचिड. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर इंग्रजीची उठाठेव कशाला, अशी शंका आपल्या मनात येईल. तिचे निरसन भाषणाच्या उत्तरार्धात होईल, एवढी हमी देऊन आम्ही मूळ विषयाकडे वळतो.

आमच्या कार्यालयात आमचे एक सहकारी होते. त्यांचे नाव सांगणे उचित नाही आणि प्रांत सांगण्याची गरज नाही, कारण हा विकार कोण्या एका प्रांताचा नव्हे. सोयीसाठी त्यांना आपण 'मित्रवर्य' म्हणू. मित्रवर्य कामाला वाघ होते. सकाळी सर्वांच्या आधी येत, सायंकाळी सर्वांच्या नंतर जात. नियमांची कलमे त्यांना तोंडपाठ असत. मात्र त्यांना इंग्रजी वाक्प्रचारांचा विलक्षण सोस होता, आणि त्यांच्या तोंडी एकही वाक्प्रचार धडपणे उतरत नसे. 'कोप विथ' आणि 'कीप अप विथ' यांचा संकर करून ते 'कोप अप विथ' म्हणत. प्रत्येक पत्राला ते 'रिव्हर्ट बॅक' करीत. कोणत्याही विषयावर ते 'डिस्कस अबाउट' केल्यावाचून राहत नसत. बैठकीत 'लास्ट बट नॉट द लीस्ट' असे जाहीर करून त्यानंतर आणखी चार मुद्दे मांडीत. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या निरोपसमारंभात तर त्यांनी सद्गदित होऊन सांगितले की, साहेब या कार्यालयाला 'ब्लेसिंग इन डिस्गाइज' होते. ज्या गोष्टीला प्रथमदर्शनी आपत्ती समजावे आणि जी अखेर वरदान ठरावी, तिच्यासाठी हा शब्दप्रयोग आहे. साहेबांची पहिली काही वर्षे ज्यांनी पाहिली होती, त्यांना तो प्रयोग बिनचूक वाटला, ही गोष्ट वेगळी!

आम्हांला या इंग्रजीची चीड येत असे, हे येथे मोकळेपणाने सांगतो. ज्याने शाळेत रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण घोटले आहे, आणि ज्याच्या घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला वडिलांच्या पेटीत जपून ठेवलेल्या होत्या, त्याला असे शब्द भातातल्या खड्यासारखे लागतात. परंतु चीड येणे निराळे आणि तिचा न्यायनिवाडा करणे निराळे. सरकारी नोकरीने आम्हांला एक सवय लावली आहे. तक्रार आली की प्रथम ती दाखल करून घ्यावी, मग तिची छाननी करावी. आपल्या चिडीचीही तशीच छाननी करावी असे आम्हांला वाटले. ती करता करता जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, आपण ज्यांना चुका म्हणतो त्यांतील कित्येक मुळी चुका नसून जुनी नाणी आहेत. 'डू द नीडफुल' या प्रयोगाची आज यथेच्छ टिंगल होते. पण हा प्रयोग आपल्या कारकुनांनी घरी बनविलेला नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज स्वतः तो सर्रास वापरीत असत. त्यांनी तो टाकला, आपण जपला. 'आउट ऑफ स्टेशन' हाही असाच कंपनी सरकारच्या काळाचा अवशेष. गोऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक जेथे असे ते त्याचे 'स्टेशन'. आगगाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. 'प्रीपोन' या शब्दावर तर आमच्या तरुणपणी वर्गावर्गातून ताशेरे झडत. आज तो ऑक्सफर्डच्या कोशात भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून मानाने बसला आहे. 'पोस्टपोन'ला उलट शब्द हवा होता, तो आपण रूढ केला. यात खजील होण्यासारखे काय आहे?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चुकीच्या इंग्रजीमागे बहुधा बिनचूक मराठी, हिंदी किंवा तमिळ उभी असते. मित्रवर्य लिहीत, 'अनटिल यू डू नॉट सबमिट द फॉर्म'. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने यातील नकार अनावश्यक, किंबहुना अर्थ उलटविणारा आहे. पण आपण काय म्हणतो? 'जोपर्यंत तुम्ही अर्ज देत नाही, तोपर्यंत'. आपल्या भाषांत तेथे नकार लागतोच. मित्रवर्यांनी मातृभाषेचा साचा तसाच ठेवला आणि त्यात इंग्रजी शब्द ओतले. 'टुडे मॉर्निंग' म्हणजे आपली 'आज सकाळी', आणि 'युअर गुड नेम' म्हणजे 'शुभनाम'. ज्याच्या घरात इंग्रजीचा एक शब्द कोणी बोलत नव्हते, ज्याने ती भाषा भाषांतराच्या वाटेने आणि पुढे जुन्या फायली वाचून हस्तगत केली, त्याच्या बोलण्यात हे साचे दिसणारच.

तिसरी गोष्ट अशी की, ज्यांची ही भाषा आहे त्यांचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? 'बेगिंग द क्वेश्चन' हे मुळात तर्कशास्त्रातील एका दोषाचे नाव. जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरून सिद्धता मांडणे, असा तो दोष असून आपल्या न्यायशास्त्रातील 'साध्यसम' हेत्वाभासाची तो आठवण करून देतो. आज विलायतेत आणि अमेरिकेत सुशिक्षित मंडळी 'प्रश्न उपस्थित होतो' एवढ्याच अर्थाने तो वापरतात. अमेरिकेतील लोक तर 'आय कुडन्ट केअर लेस' यातील नकार गाळून 'आय कुड केअर लेस' असे खुशाल म्हणतात. आमचे मित्रवर्य जो नकार नको तेथे घालीत, तो अमेरिकन माणूस हवा तेथून काढतो. हिशेब बरोबर जुळतो.

आणि इंग्रज आपल्याकडे आले तेव्हा त्यांनी आपल्या भाषांचे काय केले? 1886 साली हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोन विद्वानांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रचंड कोश प्रसिद्ध झाला. यांपैकी बर्नेल हे तंजावरला न्यायाधीश होते. तेथील भोसले राजांच्या वाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूची त्यांनीच केली, म्हणून बृहन्महाराष्ट्राशी त्यांचे थोडे नातेही लागते. या कोशाचे नाव आहे 'हॉब्सन-जॉब्सन'. हे कोणा दोन साहेबांचे नाव नव्हे. मोहरमच्या मिरवणुकीतील 'या हसन! या हुसेन!' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला, आणि तेच एका मान्यवर कोशाचे नाव झाले. दुसऱ्याचा शोक इतका विपर्यस्त ऐकूनही साहेबाचे हसे झाले नाही, उलट ग्रंथ झाला. आपणही 'लॉर्ड'चा लाट केला, 'स्टेशन'चे ठेसन केले, 'हॉस्पिटल'चे इस्पितळ केले, आणि त्या शब्दांना घरात घेतले. भाषा अशाच वाढतात.

मग काय, सर्वच चालवून घ्यावे? कोणी काहीही लिहावे आणि आपण मान डोलवावी? तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. येथवर आम्ही मित्रवर्यांची वकिली केली. आता सरकारी बाजू मांडतो.

अनेक वर्षांपूर्वीची हकीकत आहे. एका कार्यालयातील चतुर्थ श्रेणीचा एक कर्मचारी सेवेत असतानाच वारला. केंद्र सरकारच्या नियमांनुसार अशा कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला फॅमिली पेन्शन मिळते आणि मृत्यूनंतरची ग्रॅच्युइटीही मिळते. एकीमुळे दुसरीला बाध येत नाही. त्याच्या पत्नीची पेन्शन सुरू झाली होती, ग्रॅच्युइटीचे प्रकरण मागे राहिले होते. त्याचा मसुदा मित्रवर्यांनी तयार केला. 'फॅमिली पेन्शन आधीच मंजूर झालेली असल्याने आता ग्रॅच्युइटीही द्यावी', असे त्यांना म्हणावयाचे होते. त्यांनी लिहिले, 'इन लू ऑफ फॅमिली पेन्शन ऑलरेडी सॅन्क्शन्ड'. म्हणावयाचे होते 'इन व्ह्यू ऑफ', म्हणजे 'विचारात घेऊन'. लिहिले गेले 'इन लू ऑफ', म्हणजे 'च्या ऐवजी'. मसुदा मंजूर झाला, आदेश निघाला. पैसे देणाऱ्या ठिकाणी ज्याने तो वाचला त्याला इंग्रजी उत्तम येत होते. त्याने शब्दाचा कोशातला अर्थ घेतला. पेन्शनच्या ऐवजी ग्रॅच्युइटी दिली आहे, तेव्हा पेन्शन बंद केली पाहिजे, असे ठरवून त्याने ती बंद केली.

त्या बाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. दर महिन्याला बँकेत जावे आणि रिकाम्या हाताने परत यावे, असे त्यांनी पाच महिने केले. मोठ्या मुलीची शाळा सुटली. आपले काय चुकले, हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हते, कारण त्यांचे काहीच चुकले नव्हते. अखेर त्या कार्यालयात आल्या. तेव्हा ती फाईल दुरुस्तीसाठी प्रथमच आमच्या टेबलावर आली, आणि दोन शब्दांचा हा घोटाळा उघडकीस आला.

फाईल उलटताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, आणि आजच्या भाषणाचे खरे कारण तीच होय. तो मसुदा मित्रवर्यांच्या हातून सुटल्यावर तीन टेबलांवरून वर गेला होता. तीनही ठिकाणी सही होती. त्या तिन्ही सह्या ज्यांच्या होत्या, ती मंडळी चहाच्या वेळी मित्रवर्यांच्या 'ब्लेसिंग इन डिस्गाइज'ची नक्कल करून खोली हसवीत असत. ज्यांना 'कोप अप विथ' दहा पावलांवरून ऐकू येत असे, त्यांना डोळ्यांसमोरच्या कागदावरील 'इन लू ऑफ' दिसला नाही. त्यांचे इंग्रजीचे ज्ञान करमणुकीच्या वेळी जागे होते आणि कामाच्या वेळी झोपलेले होते.

तेव्हापासून आमच्या चिडीचे आम्ही दोन भाग केले आहेत. ज्या चुकीने केवळ आमच्या कानाला त्रास होतो, ती चूक आमची खासगी बाब आहे. 'रिव्हर्ट बॅक' म्हटल्याने कोणाचा पगार अडत नाही. 'अनटिल यू डू नॉट' हे व्याकरणाला सोडून असले तरी आपल्या देशात वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा आशय कळतो. ज्या चुकीने मात्र तिसऱ्याच माणसाच्या ताटातला घास जातो, ती चूक सार्वजनिक आहे आणि ती पाहून गप्प बसणे हा कामातील कसूर आहे. 'मे' आणि 'शॅल' यांतील भेद, 'ऐवजी' आणि 'मुळे' यांतील भेद, 'पर्यंत' म्हणताना तो शेवटचा दिवस धरावयाचा की नाही, हे प्रश्न कानाचे नव्हेत. त्यांच्यावर माणसांची घरे चालतात.

इंग्लंडमध्येही ही जाणीव एका सरकारी अधिकाऱ्यानेच करून दिली. सर अर्नेस्ट गॉवर्स हे तेथील जुने मुलकी अधिकारी. ब्रिटिश अर्थखात्याच्या सूचनेवरून त्यांनी सरकारी नोकरांसाठी 'प्लेन वर्ड्स' ही पुस्तिका लिहिली, ती 1948 साली निघाली. पुढे 1954 मध्ये तिचा 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' हा विस्तारित ग्रंथ झाला. लिहिणाऱ्याच्या मनातील गोष्ट वाचणाऱ्याच्या मनात जशीच्या तशी पोहोचावी, हा सरकारी लेखनाचा हेतू, आणि त्याच मापाने ते मोजावे, असा त्यांचा आग्रह होता. साहेबाच्या देशातही सरकारी इंग्रजी सुधारण्यासाठी स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले, ही गोष्ट आपल्या कार्यालयांतील हसणाऱ्यांनी स्मरणात ठेवावी.

आमच्या कार्यपद्धतीत 'मसुदा' नावाची एक थोर संस्था आहे. मसुदा हा दुरुस्त होण्यासाठीच जन्माला येतो. त्यावर पेन्सिलीने खूण केली म्हणून कोणाचा अपमान होत नाही. तोंडाने हसण्याऐवजी पेन्सिलीने खूण करावी, हा आमचा साधा उपाय आहे. आता कागदी फाईल जाऊन ई-ऑफिस आले, आणि तेथे केलेला प्रत्येक बदल नावानिशी राहतो. म्हणून आम्ही संगणकावर शेरा मारण्याआधी उठून चार पावले चालून जातो आणि संबंधिताच्या कानात सांगतो. वेळ थोडा अधिक लागतो, पण माणूस दुखावत नाही आणि चूक पुन्हा होत नाही.

मित्रवर्यांचे पुढे काय झाले, हे सांगावयास हवे. आदेशाचे शुद्धिपत्र निघाले तेव्हा ते टपालाने पाठविण्यास त्यांनी नकार दिला. स्वतः रजा टाकून, कागद हातात घेऊन ते तीन ठिकाणी फिरले आणि थकलेल्या पाचही महिन्यांची रक्कम बाईंच्या खात्यावर जमा झाल्यावरच परतले. ज्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांपैकी कोणी जागचे हलले नाही. त्यानंतर मित्रवर्यांनी 'लू' या शब्दाचा नेमका अर्थ आम्हांला विचारून घेतला आणि एका वहीत लिहून ठेवला. निवृत्त होईपर्यंत त्या वहीची पुष्कळ पाने भरली होती. 'कोप अप विथ' मात्र ते अखेरपर्यंत म्हणत राहिले, आणि आम्हीही ते अखेरपर्यंत ऐकून घेतले.

आता उत्तरार्धाची हमी पुरी करतो. बंधुभगिनींनो, महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण सर्वजण कोणाच्या ना कोणाच्या दृष्टीने 'मित्रवर्य'च आहोत. आपल्या मुलांना घेऊन आपण सुट्टीत पुण्याला किंवा साताऱ्याला जातो. मुलगी आत्याला म्हणते, 'आत्या, माझी मदत कर ना'. लगेच आतेभावंडे फिदीफिदी हसतात, कारण 'मला मदत कर' असे म्हणावयाचे असते. मुलगा सांगतो, 'मी काल काकांना मिळालो', आणि कोणीतरी विचारतो, 'कोठे हरवला होतास?' विनोद चांगला आहे, यात शंका नाही. पण त्या मुलांच्या 'मेरी मदद करो' आणि 'उनसे मिला' यामागे तोच साचा उभा आहे, जो मित्रवर्यांच्या 'अनटिल'मागे उभा होता. इंदूरची मराठी हिंदीच्या सहवासाने, बडोद्याची गुजरातीच्या आणि तंजावरची तमिळच्या सहवासाने वेगळी झाली, म्हणून ती मराठी नव्हे असे कोण म्हणेल? छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरीही अर्ज, हुकूम, तारीख, दस्तऐवज हे शब्द आजही आपल्या मराठीत नांदत आहेत. भाषेची शुद्धी आणि भाषेचा सहवास ही दोन्ही कामे आपल्या पूर्वजांनी एकाच वेळी केली.

हसलेले मूल काय करते, हे आपण पाहिले आहे. ते वाद घालीत नाही. पुढच्या सुट्टीत ते आत्याशी हिंदीत बोलते, त्यापुढच्या सुट्टीत इंग्रजीत, आणि त्यानंतर आजीशी बोलण्याचे टाळते. मित्रवर्य प्रौढ होते, नोकरी टिकवावयाची होती, म्हणून हसे झाले तरी ते बोलत राहिले. मुलांवर तशी सक्ती नाही. या मंडळाने पन्नास वर्षांत ग्रंथालय चालविले, गणेशोत्सव केले, नाटके बसविली, आणि जागा भाड्याची असताना ही वास्तू उभी केली. पण पुढच्या पन्नास वर्षांत या वास्तूत मराठी बोलणार कोण, तर तीच मुले, जी आज 'माझी मदत कर' म्हणत आहेत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे एक लहानशी सूचना मांडतो. तिला खर्च नाही आणि त्यासाठी वर्गणीही काढावी लागणार नाही. आपल्या पाठांतर, वक्तृत्व आणि नाट्यस्पर्धांत मुलांची भाषा जरूर सुधारावी, पण ती तालमीत सुधारावी. तालीम हा मुलांचा मसुदा आहे. रंगमंचावर उभ्या असलेल्या मुलाला श्रोत्यांतून कोणी दुरुस्त करू नये, आणि हसू तर मुळीच नये. परीक्षकांनीही शब्दांच्या चुकांचे शेरे व्यासपीठावरून वाचून न दाखविता नंतर मुलाला जवळ बोलावून सांगावेत. अर्थ बदलणारी चूक असेल तर ती अवश्य सांगावी, कारण 'मला' आणि 'माझी' यांतील फरक मुलांना कळलाच पाहिजे. मात्र तो कळल्यानंतरही त्यांना मराठीत बोलावेसे वाटले पाहिजे.

चिटणीसांनी दिलेली वेळ संपत आली आहे. आमच्या मित्रवर्यांच्या पद्धतीने 'लास्ट बट नॉट द लीस्ट' म्हणून आणखी चार मुद्दे मांडण्याचा मोह होत आहे, पण तो आवरतो.